सगळ्या विंचुका सारख्या नसतात

२००६ साली ब्राझीलला एक प्रमाणपत्र मिळालं. ट्रायटोमा इन्फेस्टन्स, म्हणजेच विंचुका, या रक्त पिणाऱ्या किड्यामार्फत होणारा, हृदय पोखरणाऱ्या चागास रोगाचा प्रसार देशात थांबला आहे, असं त्यात म्हटलं होतं. उरुग्वेला ते १९९७ मध्ये आणि चिलीला १९९९ मध्ये मिळालं होतं. त्याच सुमारास अर्जेंटिनाच्या उत्तर टोकाला, बोलिव्हियाच्या सीमेला खेटून असलेल्या साल्व्हादोर मासा या गावाच्या परिसरात फवारणी झालेल्या घरांमध्ये तोच किडा जिवंत सापडत होता. औषध तेच, डेल्टामेथ्रिन. पंप तेच, पद्धत तीच. किडे प्रयोगशाळेत नेले तेव्हा कळलं की त्यांतल्या काहींना मारायला नेहमीच्या शंभर पटीहून अधिक औषध लागतं. ज्यांच्या नावावरून हे गाव ओळखलं जातं ते डॉक्टर साल्व्हादोर मासा अर्जेंटिनात याच रोगासाठी झटले होते. हा योगायोग कुणी कादंबरीत घातला असता तर संपादकाने खोडला असता.

एकाच किड्याला एक देश हद्दपार करतो आणि शेजारच्या देशात तो औषध पचवून भिंतीत बसून राहतो, हे कसं? पैसा, रस्ते, सरकारची इच्छाशक्ती ही कारणं आहेतच. पण एक कारण त्या किड्याच्या रक्तातच आहे, आणि तीस वर्षं ते धोरण आखणाऱ्यांच्या टेबलावर नीटसं पोचलंच नाही. माझं म्हणणं असं, की चागासविरुद्धची मोहीम सगळे किडे एकसारखे आहेत असं धरून आखली गेली. जिथे ते खरं होतं तिथे ती जिंकली, जिथे खोटं होतं तिथे हरली. आता त्याच किड्याच्या जनुकांचा विषय निघाला की चर्चा जनुकं बदललेले किडे सोडण्याकडे वळते, तेव्हा दुसरी चूक व्हायच्या बेतात असते.

आधी किड्याची ओळख. आपल्याकडच्या ढेकणाचा हा लांबचा, पण अडीच सेंटिमीटरपर्यंत वाढणारा भाऊबंद. अर्जेंटिना, बोलिव्हिया, चिलीत त्याला विंचुका म्हणतात, ब्राझीलमध्ये बार्बेइरो, व्हेनेझुएलात चिपो. अशा रक्तपिपासू किड्यांच्या दीडशेहून अधिक जाती आहेत. मातीच्या विटांची भिंत, तिच्यातल्या फटी, गवताचं छप्पर, अंगणात कोंबड्यांचं खुराडं आणि शेळ्यांचा गोठा असं घर विंचुकेला मनापासून आवडतं. दिवसा ती फटीत असते, रात्री झोपलेल्याचं रक्त पिते आणि पिता पिता तिथेच विष्ठा टाकते. रोगाचा परजीवी चावण्यातून येत नाही, त्या विष्ठेतून येतो. खाजवलं की जखमेतून, डोळा चोळला की डोळ्यातून तो आत शिरतो. मग बहुतेकांना वर्षानुवर्षं काहीच जाणवत नाही. लागण झालेल्या दहांपैकी दोन-तीन जणांचं हृदय मात्र पुढे वीस-तीस वर्षांत पोखरलं जातं. काहींची अन्ननलिका किंवा आतडं फुगतं. उपचाराला औषधं दोनच, बेन्झनिडाझोल आणि निफर्टिमॉक्स. दोन्ही अर्ध्या शतकापूर्वीची, आणि लवकर दिली तरच चांगली लागू पडणारी.

१९०९ साली ब्राझीलमधल्या लासांसी या रेल्वेच्या गावी कार्लोस चागास यांनी हा सगळा उलगडा केला. किडा, त्यातला परजीवी आणि रोग हे तिन्ही एकाच माणसाने शोधल्याचं उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात विरळाच. बेरेनिसी नावाची दोन वर्षांची मुलगी त्यांची पहिली रुग्ण. पण पुढची कित्येक दशकं या शोधाचं फारसं काही झालं नाही, कारण रुग्ण खेड्यातले आणि गरीब होते. किड्यांवर खरी चढाई सुरू झाली ती १९४०च्या दशकाच्या शेवटी बीएचसी या कीटकनाशकाने आणि जोरात आली ती १९८०च्या दशकात पायरेथ्रॉइड औषधांनी (डेल्टामेथ्रिन त्यांतलंच एक). १९९१ मध्ये अर्जेंटिना, बोलिव्हिया, ब्राझील, चिली, पॅराग्वे आणि उरुग्वे या सहा देशांनी मिळून मोहीम हाती घेतली.

या मोहिमेला नावं ठेवण्याआधी तिचं देणं मान्य करायला हवं. १९९०च्या सुमारास लागण झालेल्यांचा अंदाज दीड कोटीच्या वर होता. आज जागतिक आरोग्य संघटना तो सत्तर लाखांच्या आसपास धरते. रक्तपेढ्यांमधल्या तपासणीचा यात मोठा वाटा आहे, पण फवाऱ्याचाही आहे. जे लोक आज म्हणतात की घरं सुधारा, विष फवारून काय होतं, त्यांनी ही दोन आकड्यांमधली दरी एकदा नजरेखालून घालावी. फवारा स्वस्त होता, लवकर लागू पडत होता आणि घर सुधारण्याची वाट बघत माणसं मरू देण्यापेक्षा केव्हाही बरा होता.

पण मोहीम आखणाऱ्यांचा एक हिशेब होता. विंचुका संथ वाढते, अंड्यातून बाहेर पडून पाच अवस्था पार करून प्रौढ व्हायला तिला कित्येक महिने लागतात, वर्षाला एखाददुसरी पिढी. शिवाय घराबाहेर ती जवळजवळ नाहीच आणि आनुवंशिक वैविध्यही तिच्यात थोडं. डासासारखी ती औषधाला सरावणार नाही. एकदा सगळी गावं झोडपून काढली की विषय संपला. ब्राझील, उरुग्वे, चिलीच्या बाबतीत हा हिशेब बऱ्याच अंशी बरोबर निघाला.

का बरोबर निघाला, ते किड्याच्या इतिहासात आहे. बहुतेक संशोधकांच्या मते ट्रायटोमा इन्फेस्टन्सचं माहेर बोलिव्हियात, अँडीज पर्वतातल्या कोचाबांबासारख्या खोऱ्यांत. तिथे ती आजही दगडांच्या कपारीत रानटी गिनी पिगांच्या सोबतीने राहते. (काहींच्या मते मूळ घर शेजारच्या चाकोच्या सपाटीवर आहे, पुढच्या मुद्द्याला त्याने फरक पडत नाही.) तिथून ती माणसाच्या बोचक्यांत, सरपणात, कोंबड्यांच्या पिंजऱ्यांत बसून दक्षिणेला आणि पूर्वेला गेली. ब्राझीलच्या मोठ्या भागात ती पसरली ती गेल्या शंभर-दीडशे वर्षांत. प्रत्येक नव्या गावाची सुरुवात मूठभर प्रवासी किड्यांनी झाली आणि प्रत्येक मुक्कामावर मूळच्या वैविध्याचा थोडा थोडा भाग मागे राहिला. उरुग्वेतल्या प्रजासत्ताक विद्यापीठातले फ्रान्सिस्को पान्झेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या किड्यांची गुणसूत्रं तपासली तेव्हा फरक अगदी ठळक दिसला. सगळ्यांची गुणसूत्रं बावीसच, पण अँडीजमधल्या विंचुकेच्या पेशीत सखल भागातल्या विंचुकेपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त डीएनए. एकाच जातीत एवढा फरक सहसा सापडत नाही.

म्हणजे उरुग्वे आणि ब्राझीलमध्ये ज्यांच्याशी लढाई झाली ते घराशिवाय कुठेच थारा नसलेले, एकमेकांसारखे, माहेरापासून तुटलेले किडे होते. घर फवारलं की त्यांना पळायला जागा नव्हती आणि त्यांच्यात औषध पचवणारी जनुकंही फारशी नव्हती. मध्य अमेरिकेत र्‍होडनियस प्रोलिक्सस या दुसऱ्या जातीचं असंच झालं. तीही तिथे बाहेरून आलेली, वैविध्य अगदी थोडं, राहणं फक्त गवती छपरांत. ग्वाटेमाला आणि आसपासच्या देशांतून ती जवळपास नाहीशी झाली. मोहिमेचं कौतुक करताना हे विसरलं जातं की आधी सोप्या आघाड्या जिंकल्या गेल्या. ते गैर नाही. गैर हे, की त्या विजयावरून अवघड आघाडीचा अंदाज बांधला गेला.

अवघड आघाडी म्हणजे ग्रान चाको. अर्जेंटिना, पॅराग्वे आणि बोलिव्हियात पसरलेलं सुमारे दहा लाख चौरस किलोमीटरचं काटेरी झुडपांचं, उन्हाने भाजणारं रान. इथे विची, क्वोम, ग्वारानी हे आदिवासी राहतात आणि शेळ्या पाळणारे गरीब क्रियोल्यो, म्हणजे मिश्र वंशाचे, शेतकरी. चागासच्या लागणीचं जगातलं सर्वांत जास्त प्रमाण बोलिव्हियात आहे, आणि बोलिव्हियातही चाकोची स्थिती फार वाईट. इथे विंचुका घरातच असते असं नाही. ती गोठ्याच्या खांबात असते, खुराड्यात असते, झुडपांतल्या ढोलीतही सापडते. कोंबडीला चागासचा परजीवी लागत नाही, पण तिचं रक्त पिऊन किड्यांची फौज पोसली जाते. आणि कुत्र्याला तो लागतो, म्हणून अंगणातलं कुत्रं परजीवीचा साठा होतं. गोठ्याच्या लाकडावर मारलेलं डेल्टामेथ्रिन ऊन, धूळ आणि पावसाने भराभर निकामी होतं. किड्याला मारायला पुरेसं नाही आणि निवडायला पुरेसं, एवढाच थर मागे उरतो.

निवडायला, म्हणजे काय? महाराष्ट्रातल्या कापूस उत्पादकाला हे वेगळं सांगायला नको. बीटी कापसावर गुलाबी बोंडअळी मरायची. मग जी थोडी मरत नव्हती तिचीच पिल्लं उरली आणि २०१७च्या हंगामात विदर्भाने त्याची किंमत मोजली. औषध किंवा विष नवे गुण तयार करत नाही, असलेल्या गुणांतून वेचून घेतं. बोलिव्हियाच्या खोऱ्यांमधल्या, कधीच फवारा न लागलेल्या रानटी विंचुकांमध्येही डेल्टामेथ्रिन कमी लागू पडणारे किडे सापडले आहेत. ज्या गुणाची निवड व्हायची होती तो तिथे आधीपासून होता. वैविध्याचं माहेर असलेल्या प्रदेशात एकच औषध वर्षानुवर्षं मारत राहायचं आणि प्रतिकार तयार होणार नाही असं गृहीत धरायचं, याला मी अंदाज चुकणं म्हणणार नाही. ती उपलब्ध माहितीकडे केलेली पाठ आहे.

या प्रतिकाराचा एक मुख्य धागा आता नेमका ठाऊक आहे. पायरेथ्रॉइड औषध किड्याच्या मज्जापेशींमधल्या सोडियमच्या दारावर जाऊन बसतं आणि ते दार उघडंच ठेवतं. किडा झटके येऊन मरतो. त्या दाराचं प्रथिन बनवणाऱ्या जनुकात ९२५व्या किंवा १०१४व्या जागी एक अमिनो आम्ल बदललं की औषधाची पकड सुटते. चाकोच्या वेगवेगळ्या भागांत यांतले वेगवेगळे बदल सापडले. अर्जेंटिनाच्या चाको प्रांतात, ज्या मुलखाला तिथले लोक एल इम्पेनेत्राब्ले, म्हणजे अभेद्य रान म्हणतात, तिथे ९२५चा. उत्तरेच्या साल्टा प्रांतात, सीमेकडे, १०१४चा. शिवाय विषाचा चोथा करणारी विकरं वाढणं, कातडी जाड होणं हे वेगळे मार्ग आहेतच. म्हणजे एका गावात फसलेल्या फवारणीचं कारण शेजारच्या जिल्ह्यातल्या कारणासारखं असेलच असं नाही, आणि वरून काढलेला एक आदेश दोन्हीकडे लागू पडेलच असंही नाही.

मग करायचं काय? इथे दोन वाटा फुटतात.

पहिली वाट दिसायला आकर्षक आहे. किड्याच्या जनुकांतच हात घालायचा. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या संशोधकांनी एक डोकेबाज युक्ती काढली. र्‍होडनियसच्या पोटात एक उपयोगी जीवाणू असतो आणि पिल्लांना तो मोठ्यांची विष्ठा खाऊन मिळतो. त्या जीवाणूतच परजीवीला मारणारं प्रथिन बनवण्याची सोय केली आणि नकली विष्ठेच्या लगद्यातून तो किड्यांना दिला. १९९७ साली प्रयोगशाळेतले निकाल प्रसिद्ध झाले. उत्तम काम होतं, पण तो जीवाणू चाकोतल्या झोपडीपर्यंत अजून आलेला नाही. आता जनुक-संपादनाची नवी साधनं आली आहेत, र्‍होडनियसचा पूर्ण जनुकसंच २०१५ साली प्रसिद्ध झाला आहे, आणि डासांसाठी जे स्वप्न पाहिलं जातं, म्हणजे आपोआप पसरणारं जनुक सोडून अख्खी जात बदलून टाकायची, ते विंचुकेसाठीही पाहिलं जाऊ लागलं आहे.

माझा याला विरोध आहे, आणि तो जनुकं बदलण्याच्या भीतीतून आलेला नाही. विंचुका म्हणजे डास नव्हे, एवढंच कारण पुरेसं आहे. डासाची पिढी दोन-तीन आठवड्यांची, हिची कित्येक महिन्यांची. जे जनुक डासांत काही वर्षांत पसरेल त्याला इथे दशकं लागतील. ही फारशी उडत नाही. सूक्ष्म आनुवंशिक खुणा वापरून केलेल्या अभ्यासांत एकाच भागातल्या शेजारशेजारच्या गावांतले, कधी तर वाड्यांतले किडेही एकमेकांपासून वेगळे दिसतात. अशा तुकड्यातुकड्यांत विभागलेल्या जातीत काहीही पसरवणं म्हणजे प्रत्येक तुकड्यात वेगळं नेऊन सोडणं. आणि मुख्य म्हणजे डासांत फक्त मादी चावते, म्हणून वांझ नर सोडण्याला लोक कसेबसे तयार होतात. विंचुकेत नर, मादी आणि अंड्यातून निघालेलं पिल्लूसुद्धा रक्तच पितं. ज्या बाईने आयुष्यभर अंथरुणातले किडे वेचून मारले तिच्या घरात आणखी रक्तपिपासू किडे सोडायची परवानगी कुठल्या तोंडाने मागणार? संशोधन प्रयोगशाळेत खुशाल चालू द्यावं. त्याच्या भरवशावर आजचा एकही पैसा किंवा एकही वर्ष मागे ठेवू नये.

दुसरी वाट दिसायला साधी आहे. किड्याचं वैविध्य बदलण्याऐवजी ते वाचायचं. फवारणीनंतर आठ-दहा महिन्यांनी घरात विंचुका पुन्हा दिसल्या तर कार्यकर्त्यापुढे एकच प्रश्न असतो: या वाचलेल्यांच्या लेकी, की बाहेरून आलेल्या? वाचलेल्यांच्या असतील तर औषध किंवा फवारणी चुकली. बाहेरून आलेल्या असतील तर शेजारचा गोठा किंवा शेजारचं गाव सुटलं. दोन्हींवरचा उपाय वेगळा. आजवर हा प्रश्न अंदाजाने सोडवला जातो. आनुवंशिक खुणांची तुलना केली तर त्याचं उत्तर बऱ्यापैकी खात्रीने मिळतं. अर्जेंटिनात सान्तियागो देल एस्तेरो प्रांतातल्या आमामा या गावाच्या परिसरात बुएनोस आयरेस विद्यापीठाचे रिकार्दो ग्युर्तलेर आणि त्यांच्या गटाने वर्षानुवर्षं घर आणि घर तपासून दाखवून दिलं, की किडे घरात परत येतात ते बहुतांशी अंगणातल्या गोठ्या-खुराड्यांत उरलेल्या साठ्यातून. ही माहिती आधी असेल तर फवारणाऱ्यांना स्वयंपाकघराच्या भिंतीवर औषध ओतण्यापूर्वी शेळ्यांच्या गोठ्याकडे वळायला सांगता येतं.

दुसरं, फवारणीआधी चाचणी. पद्धत जुनी आहे: त्या गावातून धरलेल्या किड्यांची अंडी उबवायची, पहिल्या अवस्थेतल्या पिल्लांच्या पाठीवर ठरलेल्या मात्रेचा औषधाचा थेंब ठेवायचा, आणि किती मरतात ते मोजायचं. आता मेलेल्या, वाळलेल्या किड्याच्या पायातूनही त्या ९२५ आणि १०१४च्या बदलांची तपासणी पीसीआरवर होते, आणि पीसीआर यंत्र ही काही आज राजधानीतच मिळणारी दुर्मीळ वस्तू राहिलेली नाही. प्रतिकारक किडे जिथे आहेत तिथे फेनिट्रोथायॉन किंवा मॅलॅथिऑन अजून चालतं. त्यांचा वास उग्र, घरात मारायला लोक कां कूं करतात, माणसासाठीही ती जास्त जपून वापरावी लागतात. म्हणूनच ती सरसकट नकोत. जिथे चाचणी सांगेल तिथेच हवीत. प्रतिकारक माद्या अंडी कमी घालतात, त्यांची वाढही रेंगाळते असं अर्जेंटिनातल्या प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे डेल्टामेथ्रिनचा दबाव काही वर्षं काढून घेतला तर साधे किडे पुन्हा वरचढ होण्याची आशा आहे. पण तेही मोजल्याशिवाय कळणार कसं?

याला नेहमीचा आक्षेप असतो की हे सगळं श्रीमंत देशांचे चोचले आहेत, गरीब प्रांताकडे पंपाच्या डिझेललाही पैसे नसतात. आक्षेप करणारे प्रामाणिक असतात, पण हिशेब उलटा करतात. चाकोतल्या पांगलेल्या वाड्यांपर्यंत गाडी, माणसं आणि औषध नेण्याचा खर्च मोठा असतो. तो करून, लागू न पडणारं औषध मारून परत यायचं, याहून महाग काय आहे? शिवाय एकदा फसलेली फवारणी लोकांचा विश्वास घालवते. पुढच्या वेळी विची कुटुंब दार उघडेलच असं नाही, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

घर सुधारण्याचा मुद्दाही याच वैविध्यातून पुन्हा समोर येतो. ग्वाटेमालात र्‍होडनियस गेली, पण ट्रायटोमा डिमिडिएटा उरली. ती तिथलीच, रानातली. तिच्या नावाखाली खरं तर अनेक जवळच्या जाती दडल्या आहेत, आणि गेल्या काही वर्षांत त्यांतल्या काहींना वेगळी नावंही मिळाली. हिला फवाऱ्याने संपवणं अशक्य, कारण रान फवारता येत नाही. म्हणून सान कार्लोस विद्यापीठाच्या कार्लोता मोनरॉय आणि सहकाऱ्यांनी हुतियापा भागात गावकऱ्यांबरोबर भिंतींना स्थानिक ज्वालामुखीय राख आणि चुन्याचा गिलावा केला, फटी बुजवल्या, जमीन पक्की केली, कोंबड्या घराबाहेर हलवल्या. यात परदेशी काहीच नव्हतं. जिथे किड्याला हद्दपार करता येत नाही तिथे त्याला राहायला जागा न ठेवणं हाच उपाय उरतो. किडा बाहेरून आलेला आहे की इथलाच, हे आधी कळलं तर गिलाव्याचा पैसा कुठे घालायचा आणि फवाऱ्याचा कुठे, हे ठरवता येतं.

प्रमाणपत्रांबद्दल एक शेवटचा मुद्दा राहतो. ब्राझीलचं प्रमाणपत्र एका जातीपुरतं होतं. वर्तमानपत्रांत मात्र ते चागास संपल्याची बातमी म्हणून गेलं. त्याच्या आदल्याच वर्षी, २००५ साली, ब्राझीलच्या सांता कातारिना राज्यात रस्त्याकडेला उसाचा रस प्यायलेल्या माणसांना चागासची लागण झाली होती; किडा किंवा त्याची विष्ठा रसातून गेली असावी. (आपल्या रसवंतीगृहांनी घाबरायचं कारण नाही. हा परजीवी भारतात नाही. पण उंदरांच्या सोबतीने जहाजांतून जगभर गेलेली ट्रायटोमा रुब्रोफॅसिएटा ही या कुळातली जात भारतात आहे, आणि लिंश्कोस्टियस हा या किड्यांचा एक अख्खा गट फक्त भारतातच आढळतो, हे आपल्या कीटकशास्त्रज्ञांनी लक्षात ठेवलेलं बरं.) ॲमेझॉनच्या ताडांवर वेगळ्या जाती आहेत, असाई या ताडफळाच्या रसातून आजही साथी उद्भवतात. प्रमाणपत्र मिळालं की निधी आटतो, फवारणी पथकं दुसऱ्या रोगाकडे वळवली जातात, किडे ओळखणारे जुने जाणकार निवृत्त होतात आणि त्यांची जागा भरली जात नाही.

म्हणून चाकोच्या पुढच्या फवारणी फेरीबद्दल माझी मागणी नेमकी आहे. प्रत्येक जिल्ह्यातून किडे आधी तपासले जावेत, निकाल त्या जिल्ह्याच्या आरोग्य केंद्रात आणि गावच्या सभेत वाचून दाखवले जावेत, आणि औषध त्यानंतर निवडलं जावं. चाचणीचा खर्च फवारणीच्याच अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत लिहावा, संशोधनाच्या खात्यात नाही. संशोधनाचा पैसा पहिल्यांदा कापला जातो. आणि प्रमाणपत्र द्यायचंच असेल तर त्यावर जातीचं नाव, प्रदेशाचं नाव आणि पुढच्या तपासणीची तारीख छापावी.